‘जनी’: एका नावाचा वाङ्मयेतिहास

विशेषनाम केवळ निर्देश करते, त्याला स्वतःचा अर्थ नसतो, ही भूमिका जॉन स्टुअर्ट मिल याने १८४३ मध्ये मांडली. तर्कशास्त्राच्या मर्यादेत ती उपयुक्त ठरली असली, तरी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकाला तिच्यावर थांबता येत नाही. नाव कोणी ठेवले, कोणी कोणत्या रूपात उच्चारले, कोणत्या रूपात ते लेखनात उतरले आणि पुढील पिढ्यांनी त्या रूपात कोणता फेरफार केला, या प्रश्नांची उत्तरे नावाच्या अर्थातच समाविष्ट होतात. मराठीत या दृष्टीने तपासण्याजोगे एक स्त्रीनाम परभणी जिल्ह्यातील गंगाखेड या गोदातीरावरील गावाशी जोडले गेले आहे. ते नाव म्हणजे ‘जनी’. आज मुलीचे नाव म्हणून ते क्वचितच ऐकू येते. मात्र मराठी कवितेच्या पहिल्या दोन शतकांत स्त्रीच्या कर्तृत्वाची जी मोजकी नाममुद्रा उमटली, तीत हे नाव अग्रभागी आहे.

परंपरेने सांगितलेले चरित्र थोडके आहे. गंगाखेड येथे जन्म, आईवडिलांची नावे करुंड आणि दमा, बालपणीच पंढरपूरला दामाशेटींच्या घरी पाठवणी, तेथे नामदेवांच्या कुटुंबात आयुष्यभर दास्य आणि शके १२७२ मध्ये, म्हणजे इ. स. १३५० मध्ये, नामदेवांबरोबरच देहत्याग. नामदेवांचे नाव ज्या नरसीशी निगडित आहे, ते गावही १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. एका जिल्ह्याच्या दोन गावांशी जोडलेल्या या दोन नावांची वाङ्मयीन नियती मात्र सारखी नाही. नामदेवांची गाथा नामदेवांच्या नावाने सिद्ध झाली. जनीचे सुमारे साडेतीनशे अभंग मुख्यतः त्या गाथेच्या आश्रयाने टिकले. संहितेच्या जतनातही घरातील दर्जाचाच क्रम पाळला गेला, असे म्हणता येते.

२

प्रथम व्युत्पत्तीचा विचार करू. संस्कृतात ‘जनि’ किंवा ‘जनी’ हा शब्द ऋग्वेदकाळापासून ‘स्त्री’, ‘पत्नी’ या अर्थाने आढळतो. अमरकोशाने त्याला ‘स्नुषा’ आणि ‘वधू’ यांच्या पंक्तीत बसवून ‘सून’ असा अर्थ दिला आहे. ‘जन्’ या धातूशी त्याचे नाते लावण्याचा मोह होतो. परंतु तुलनात्मक भाषाशास्त्रानुसार स्त्रीवाचक ‘जनि’ आणि जन्मवाचक ‘जन्’ यांची मूळ रूपे वेगळी असून, पहिल्याचे नाते ग्रीक भाषेतील स्त्रीवाचक ‘गुने’ या शब्दाशी आहे. संस्कृतात दोन्ही मुळांचा उच्चार एक झाला आणि अर्थच्छटा परस्परांत मिसळल्या.

तथापि तेराव्या-चौदाव्या शतकातील गोदातीरावरील एका शूद्र कुटुंबाने मुलीचे नाव वेदातून किंवा कोशातून निवडले असेल, असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. जवळची वाट बोलीच्या नामप्रक्रियेत सापडते. देवतेचे पूर्ण नाव संक्षिप्त करायचे आणि त्याला लिंगदर्शक वा आदरदर्शक प्रत्यय लावायचा, ही मराठीची जुनी रीत. विठ्ठलावरून विठा, गोविंदावरून गोंदा, महादेवावरून महादा ही नामदेवांच्या पुत्रांचीच नावे या रीतीची साक्ष देतात. त्याच न्यायाने विष्णुवाचक ‘जनार्दन’ या नामापासून ‘जना’ आणि त्यापासून स्त्रीलिंगी ‘जनी’ व आदरार्थी ‘जनाबाई’ ही रूपे सहज सिद्ध होतात. शिवाय ‘जन’ या शब्दाची लोकवाचक छटाही मराठी श्रोत्याच्या कानाला जाणवतेच. व्युत्पत्ती एक असली, तरी नावाभोवतीचे अर्थवलय अनेक मुळांतून पोसले जाते.

‘जनी’ हे रूप स्वभावतः स्त्रीवाचक आहे, हेही गृहीत धरता येत नाही. सोळाव्या शतकात दौलताबादच्या जनार्दनस्वामींचा एक शिष्य, एकनाथांचा गुरुबंधू, ‘जनी जनार्दन’ या नावाने ओळखला जातो. तो पुरुष होता आणि त्याचे नाव मराठवाड्यातील बीडशी निगडित आहे. म्हणजे गंगाखेड आणि बीड या परस्परांपासून फार दूर नसलेल्या स्थळी एकच नाव एका शतकात स्त्रीचे, दुसऱ्या शतकात पुरुषाचे झाले. त्यामुळे हस्तलिखितात केवळ ‘जनी’ ही दोन अक्षरे आढळली, तर त्यावरून कर्त्याचे लिंग, काळ किंवा संप्रदाय यांपैकी काहीही निश्चित करता येत नाही. निश्चिती येते ती नावाला जोडलेल्या पदांमुळे. एकीकडे ‘नामयाची’ आणि ‘दासी’, दुसरीकडे ‘जनार्दन’. एका मुद्रेत धन्याचे नाव षष्ठीत येते, दुसरीत गुरूचे नाव शेजारी उभे राहते. नामदेवांच्या बाबतीत विष्णुदास नामा या उत्तरकालीन कवीमुळे जो कर्तृत्वाचा प्रश्न उद्भवला, त्याच जातीचा प्रश्न जनीच्या अभंगांबाबतही संभवतो, ही गोष्ट संपादकाला विसरता येणार नाही.

३

नावाच्या सामाजिक अर्थाचा सर्वांत बोलका पुरावा जनीच्या नावावरील एका अभंगातच उपलब्ध आहे. नामदेवांच्या कुटुंबाची ती पद्यमय शिरगणती आहे. आई गोणाई, पत्नी राजाई, लाडाई, गोडाई, येसाई आणि साखराई या चार सुना, मुलगी लिंबाई, बहीण आऊबाई. पुरुषांमध्ये दामा, नामा आणि नारा, महादा, गोंदा, विठा हे चार पुत्र. अखेरीस स्वतः सांगणारी येते, ती दासी जनी म्हणून.

या यादीतील स्त्रीनामांचे प्रत्यय पाहण्यासारखे आहेत. गोणाईपासून साखराईपर्यंत प्रत्येक स्त्रीच्या नावाला ‘आई’ लागलेले आहे. बहिणीला ‘बाई’ मिळाले आहे. घरातील लहान लेकही ‘लिंबाई’ आहे, म्हणजे हा प्रत्यय वयावरून येत नाही. कुळातल्या स्थानावरून तो येतो. त्याच शतकांच्या गद्यात, लीळाचरित्रात, बाइसा, महदाइसा, उमाइसा, आउसा अशी नावे भेटतात. तेथे ‘आई’ आणि आदरार्थी ‘सा’ यांनी भिक्षुणी व अनुयायी स्त्रियांना मान दिलेला आहे. महानुभाव पंथाने ज्या स्त्रियांना घराबाहेर आदरवाचक नाव दिले, त्यांच्या शेजारी पंढरपुरातील या दासीचे उघडे नाव ठेवले असता, प्रत्ययाचा अभाव हीसुद्धा एक खूण ठरते. आठ आदरयुक्त स्त्रीनामांच्या ओळीत नववे नाव निःप्रत्यय उभे आहे आणि ओळ रचणारी तीच आहे.

अमरकोशातील अर्थ येथे वेगळ्याच तऱ्हेने उपयोगी पडतो. कोशाच्या लेखी ‘जनी’ म्हणजे सून. चार सुनांची नावे घेऊन झाल्यावर जी पाचवी येते तिचे नाव कोशात ‘सून’ आहे, परंतु घरात तिला ते नाते नाही. कवयित्रीला हा श्लेष अभिप्रेत होता असे सुचविण्याचे कारण नाही. भाषेच्या उच्च स्तरावरील अर्थ आणि व्यवहारातील स्थान यांत किती अंतर असू शकते, एवढेच त्यावरून ध्यानात येते.

मराठीत ईकारान्त लघुरूपाला दोन बाजू आहेत. गंगाची ‘गंगी’, रखमाची ‘रखमी’ होते ती कधी मायेने, कधी तुच्छतेने. रूप तेच; बोलणारा कोण आणि कोणत्या नात्याने बोलतो यावर अर्थ ठरतो. धनी ‘जनी’ म्हणतो तेव्हा त्यात दर्जा असतो. जनीच्या अभंगांतील विठ्ठल तिला ‘जनी’ म्हणून हाक मारतो आणि तिच्याबरोबर दळू लागतो, शेण्या वेचतो, तेव्हा त्याच हाकेत सलगी येते. हीनत्वाची खूण पुसण्यासाठी कवयित्री दुसरे नाव घेत नाही. उच्चारणाऱ्याचे स्थान ती बदलते आणि त्यामुळे नावाचा अर्थ बदलतो.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रत्यय वाटण्याचा अधिकारही ती स्वतःकडे घेते. तिच्या नावावरील अभंगांत देवाला मायेने ‘विठाबाई’ म्हटले जाते, आणि रागाच्या भरात तोच देव ‘विठ्या’ होतो. घरात जिच्या नावाला ‘बाई’ लागत नाही, ती देवाच्या नावाला ‘बाई’ लावते. जिला एकेरी हाक मारली जाते, ती देवाला एकेरीत ओढते. मराठी नामव्यवस्थेत मान आणि अवमान ज्या प्रत्ययांनी दिले जातात, ते सर्व प्रत्यय येथे एका दासीच्या हाती आलेले दिसतात. भक्तीतील समतेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ती समता व्याकरणाच्या पातळीवर कशी घडते, याचे इतके स्पष्ट उदाहरण अन्यत्र क्वचितच मिळेल.

४

मग ‘जनाबाई’ हे नाव कोठून रूढ झाले? ते उत्तरकालीन आदराने रूढ केले. महिपतींच्या भक्तविजयासारख्या (१७६२) संतचरित्रपर ग्रंथांनी, कीर्तनकारांनी आणि मुद्रित गाथांच्या संपादकांनी तिला संतमालिकेत स्थान दिले, आणि स्थान मिळाले तसा प्रत्ययही मिळाला. स्त्रियांच्या जात्यावरील ओव्यांत मात्र ‘जनी’ आणि ‘जनाबाई’ ही दोन्ही रूपे नांदत राहिली. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या लाखाहून अधिक ओव्यांत परभणी जिल्ह्यातील गायिकांचाही वाटा आहे. विठ्ठल, रुक्मिणी आणि जनी यांचे घरगुती नाट्य हा या ओव्यांचा आवडता विषय आहे. त्यांत जनी ही वंदनीय विभूती असतेच, त्याचबरोबर दळणाऱ्या बाईची सखीही असते. पंढरपूरजवळच्या गोपाळपुरात दाखविले जाणारे तिचे जाते याच सख्यत्वाचे स्मारक आहे.

या मार्गाने हे नाव वारकरी वातावरणातील शेतकरी, कारागीर आणि श्रमिक कुटुंबांत पसरले. त्याचे एक परिचित उदाहरण महाराष्ट्राच्या सीमेपलीकडील जमखंडीचे आहे. तेथील रामजी शिंदे यांच्या वारकरी वळणाच्या घरात मुलाचे नाव विठ्ठल आणि मुलीचे जनाबाई असे होते. तो मुलगा म्हणजे विठ्ठल रामजी शिंदे (१८७३–१९४४). १९०६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या त्यांच्या निराश्रित साहाय्यकारी मंडळीच्या कार्यात जनाबाईंनी वाटा उचलला. कुटुंबात त्यांना ‘जनाक्का’ म्हणत. अभंगातील देव आणि दासी यांची नावे येथे भाऊ-बहिणीची झाली आणि दास्याच्या नावाने सेवेचा सार्वजनिक अर्थ धारण केला.

स्वातंत्र्योत्तर काळात ‘बाई’अन्त नावेच मागे पडली. संस्कृतप्रचुर, सुटसुटीत नावांची आवड वाढली आणि शाळेच्या हजेरीपटावरून जनाबाई, सखुबाई, मुक्ताबाई ही नावे दिसेनाशी होऊ लागली. या ऱ्हासाला अर्थांतराचीही जोड आहे. नागरी मराठीत ‘बाई’ या शब्दाने एकीकडे शिक्षिकेचा, तर दुसरीकडे घरकाम करणाऱ्या स्त्रीचा बोध होऊ लागला. जो प्रत्यय चौदाव्या शतकात दासीला नाकारलेला दिसतो, तोच विसाव्या शतकात मोलकरणीचे सामान्यनाम झाला. आज ‘जनाबाई’ हे नाव गंगाखेडच्या समाधिस्थळावर आणि शिक्षणसंस्थेच्या फलकावर आढळते. पाळण्यात मात्र ते क्वचितच ठेवले जाते.

तरीही लेखिकेचे नाव म्हणून ते पुन्हा एकदा मराठीत अवतरले. १९९२ मधील ‘मरणकळा’ या आत्मकथनावर जनाबाई कचरू गिऱ्हे हे नाव आहे. भटक्या समाजातील स्त्रीने लिहिलेल्या या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर ‘नामयाची’ या षष्ठीची जागा आधुनिक नोंदपत्रातील मधल्या नावाने घेतलेली आहे. स्त्रीचे नाव पुरुषाच्या नावाखेरीज पूर्ण होत नाही, ही रूढी व्याकरणातून दप्तरात गेली. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या अपत्यांच्या नावात वडिलांच्या आधी आईचे नाव लिहिण्याचा महाराष्ट्र शासनाचा निर्णय हा त्या दीर्घ षष्ठीतील एक उशिराचा बदल मानता येईल.

५

या सर्व विवेचनातून समीक्षेपुढे एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. ‘संत जनाबाई’ हे अभिधान अभ्यासक्रमात, ग्रंथसूचीत आणि प्रबंधांत सरसकट वापरले जाते. ते आदरापोटी वापरले जाते, यात शंका नाही. परंतु आदराने दिलेला प्रत्यय पाठातील एक वस्तुस्थिती झाकतो. ‘जनाबाई’ म्हटले की, आठ आदरयुक्त नावांशेजारी उभे असलेले नववे उघडे नाव दिसेनासे होते, आणि त्याबरोबर देवाला ‘विठाबाई’ म्हणण्यातील धारही बोथट होते. नाममुद्रेचे रूप हे पाठाचेच अंग आहे. म्हणून कोणत्या अभंगात ‘जनी’, कोणत्यात ‘दासी जनी’, कोणत्यात ‘नामयाची जनी’ येते, याची प्रतवार नोंद हे तिच्या कवितेच्या चिकित्सक आवृत्तीचे पहिले काम ठरते. कर्तृत्वनिश्चितीला त्याचे साहाय्य होईलच. त्याखेरीज, एका दासीने आपले उघडे नाव कोठे दर्जा म्हणून, कोठे सलगी म्हणून आणि कोठे सही म्हणून वापरले, हेही त्यातून उलगडेल. परंपरेने तिला ‘बाई’ बहाल केले. तिने स्वतः ज्या नावाने सही केली, ते ‘जनी’ हेच होते, आणि वाचनाचा आरंभ तेथूनच व्हावयास हवा.