मॅनेजरच्या खुर्चीची कुळकथा

शाहूवाडी तालुक्यात, मलकापूर-बांबवड्याच्या पट्ट्यात, पोराला तालमीत घालायचं ठरलं की घरची माणसं आधी विचारतात, वस्ताद कोण? वस्तादाला कोणी मुलाखत घेऊन नेमत नाही. त्यानं स्वतः मारलेल्या कुस्त्या आणि त्याच्या हाताखालून गेलेले पठ्ठे, हीच त्याची शिफारस. जोर-बैठका किती, खुराक काय, पठ्ठ्याला कोणत्या फडात उतरवायचं आणि कुठली जोड टाळायची, हे तोच ठरवतो. गणपतराव आंदळकर 1960 साली हिंदकेसरी झाले आणि पुढे कोल्हापुरातच त्यांनी वस्ताद म्हणून पैलवानांच्या पिढ्या घडवल्या. त्यांना तो मान मातीनं दिला.

भारतीय क्रिकेट संघाला असा वस्ताद मिळायला पहिल्या कसोटीनंतर जवळजवळ 60 वर्षं लागली. त्या काळात संघासोबत मॅनेजर असायचा, पण त्याच्याकडे खेळ नव्हता. बोटीची तिकिटं, हॉटेलच्या खोल्या, दौऱ्याचा हिशेब, मेजवान्यांची आमंत्रणं आणि खेळाडूंची शिस्त हे त्याचं खातं. 1932 च्या पहिल्या इंग्लंड दौऱ्यावर कर्णधार पोरबंदरचे महाराज होते आणि मॅनेजर इंग्रज मेजर रिकेट्स. मैदानावर कसोटीत संघ चालवला तो सी. के. नायडूंनी.

त्या खुर्चीत बसलेला माणूस चुकीचा असला तर काय होतं, ते पुढच्याच दौऱ्यात दिसलं. 1936 मध्ये लॉर्ड्‌सवर मायनर काउंटीजविरुद्ध सामना चालू होता. लाला अमरनाथ पॅड बांधून आपल्या पाळीची वाट पाहत बसले. गडी बाद होत गेले, पण कर्णधार विजयानगरम यांनी त्यांच्याआधी दुसऱ्यांनाच पाठवलं. दिवस संपता संपता कुठे त्यांची पाळी आली, आणि ते परत आले तेव्हा संताप आवरला नाही. पॅड भिरकावून ते पंजाबीत बोलले. कर्णधार आणि मॅनेजर मेजर ब्रिटन-जोन्स यांनी मिळून त्यांना पहिल्या कसोटीआधीच बोटीनं मायदेशी धाडलं. संघातला सर्वांत तडफदार खेळाडू असा गेला. पुढे चौकशीत अमरनाथ निर्दोष ठरले, आणि 1954-55 च्या पाकिस्तान दौऱ्यावर भारताचे मॅनेजर म्हणून गेले ते स्वतः लाला अमरनाथच.

अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये मात्र ही खुर्ची फार लवकर खेळाच्या मधोमध आली, आणि ती तिथे आणणारा माणूस क्रिकेटच्या घरातला होता. हॅरी राइट जन्मला इंग्लंडमधल्या शेफिल्डला, 1835 साली. त्याचे वडील न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्लबात व्यावसायिक क्रिकेटपटू होते आणि हॅरीही तिथे क्रिकेट खेळला. 1869 मध्ये त्यानं सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज हा उघडपणे पगारी खेळाडूंचा पहिला बेसबॉल संघ उभा केला. खेळाडू हेरणं, सराव घेणं, दौरा आखणं, पैशाचा हिशेब ठेवणं आणि स्वतः मैदानात उतरणं, सगळं तोच करायचा. त्या वर्षी संघ एकही सामना हरला नाही. पुढे पैशाचं खातं मालकांकडे गेलं, पण खेळ मॅनेजरकडेच राहिला. आजही बेसबॉलचा मॅनेजर खेळाडूंसारखाच गणवेश घालून बसतो, फलंदाजीचा क्रम तो लिहितो, चेंडू टाकणाऱ्याला बदलायचं ते तो ठरवतो. कॉनी मॅक हा सूट घालून बसणारा एक अपवाद. त्यानं 1901 ते 1950 अशी 50 वर्षं फिलाडेल्फिया ॲथलेटिक्स सांभाळला, पण तो त्या संघाचा मालकही होता. तिथे नवा मॅनेजर निवडणं म्हणजे संघाची चावी कोणाच्या हाती द्यायची ते ठरवणं.

क्रिकेटमध्ये ती चावी कर्णधाराकडे असते. त्यामुळे मॅनेजरला द्यायचं काय, हा प्रश्न आपल्याकडे सतत उरला. त्याचं पहिलं चांगलं उत्तर एका पुणेकरानं दिलं. लेफ्टनंट कर्नल हेमू अधिकारी 1971 च्या इंग्लंड दौऱ्याचे मॅनेजर होते. स्वतः नावाजलेले क्षेत्ररक्षक. त्यांनी हिशेबाच्या वह्या सांभाळल्याच, शिवाय संघाकडून झेलांचा सराव कसून करून घेतला. अजित वाडेकरांच्या संघानं ओव्हलवर इंग्लंडला 4 गड्यांनी हरवलं. चंद्रशेखरचे 38 धावांत 6 बळी सगळ्यांना आठवतात, पण सोलकर आणि वेंकटराघवन यांनी फलंदाजाजवळ उभं राहून टिपलेले झेल नसते तर त्यातले काही बळी कागदावर आले नसते. मैदानाबाहेरचा माणूस सामना जिंकण्यात वाटेकरी होऊ शकतो, हे त्या उन्हाळ्यात सिद्ध झालं.

तरीही 1983 च्या विश्वचषकाला आपला संघ प्रशिक्षकाविनाच गेला. हैदराबादचे मानसिंग हे एकटे मॅनेजर. खुर्चीची वाटणी झाली 1990 मध्ये: इंग्लंड दौऱ्यावर माधव मंत्री मॅनेजर आणि बिशनसिंग बेदी क्रिकेट मॅनेजर. मग 1992 ते 1996 वाडेकरांनी क्रिकेट मॅनेजरची जागा सांभाळली. माझ्या मते या पदाला वजन आलं ते त्यांच्यामुळे. 1993 मध्ये इंग्लंडला मायदेशी 3-0 असं नमवताना तीन फिरकी गोलंदाज खेळवायचं धोरण त्यांचं आणि अझरुद्दीनचं. मार्च 1994 मध्ये ऑकलंडला सलामीवीर सिद्धूची मान धरली. सचिन तेंडुलकरनं कर्णधाराला आणि वाडेकरांना गळ घातली की मला एकदा सलामीला जाऊ द्या. वाडेकरांनी जाऊ दिलं. 49 चेंडूंत 82 धावा झाल्या आणि एकदिवसीय क्रिकेटचा पुढचा इतिहास बदलला. जो माणूस मुंबईच्या मैदानांवर वाढला होता त्याला पोराची धग ओळखता आली.

नंतर निवडीचा शोध परदेशात गेला. 2000 मध्ये जॉन राइट हे पहिले परदेशी प्रशिक्षक आले. केंट काउंटीत ते प्रशिक्षक असताना राहुल द्रविड त्यांच्या हाताखाली खेळला होता. त्यांनी पडद्याआड राहून काम केलं आणि ते जमलं. त्यांच्यामागून आलेल्या ग्रेग चॅपेल यांचं नाव खेळाडू म्हणून किती तरी मोठं, पण संघात दुही माजली आणि 2007 च्या विश्वचषकानंतर ते गेले.

आणि मग त्या वर्षी जे झालं ते अभ्यास करण्याजोगं आहे. देऊ केलेली प्रशिक्षकाची जागा ग्रॅहम फोर्ड यांनी नाकारली. मंडळानं पुण्याच्या चंदू बोर्डे यांना मॅनेजर करून इंग्लंडला पाठवलं. दौरा चालू असताना त्यांना 73 वं वर्ष पूर्ण झालं. द्रविडच्या संघानं ती मालिका 1-0 अशी जिंकली; इंग्लंडमध्ये असा विजय 1986 नंतर मिळाला नव्हता. लगेच सप्टेंबरमध्ये मुंबईचे लालचंद राजपूत मॅनेजर म्हणून गेले आणि धोनीच्या पोरांनी पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक आणला. कर्णधार समर्थ असेल तर बाजूला शांत, जाणती माणसं पुरतात.

आता प्रशिक्षकपदाची जाहिरात निघते, अर्ज येतात, माजी खेळाडूंची सल्लागार समिती मुलाखती घेते. 2016 मध्ये तेंडुलकर, गांगुली आणि लक्ष्मण यांच्या समितीनं अनिल कुंबळेला निवडलं. वर्षभरात, चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यानंतर दोन दिवसांनी, त्यानं राजीनामा दिला. कर्णधाराला आपली पद्धत मान्य नाही हे मंडळाकडून कळल्याचं त्यानं उघड सांगितलं. तीन दिग्गजांनी निवड केली, पण ज्यांचं रोज एकमेकांशी पटायला हवं त्या दोघांचा मेळ कोणी पाहिला नव्हता. माझं मत स्पष्ट आहे: कर्णधाराचं म्हणणं नेमणुकीआधी ऐकावं आणि नेमणुकीनंतर ते प्रशिक्षक हटवायचं हत्यार होऊ देऊ नये.

मोठं नाव ही अट तर साफ काढून टाकावी. अमोल मुझुमदार प्रथम श्रेणीत 11,000 हून जास्त धावा करून भारताकडून एकही सामना न खेळलेला मुंबईकर. रणजी पदार्पणातच 260 धावा, आणि शाळेत असताना तेंडुलकर-कांबळीच्या 664 धावांच्या भागीदारीवेळी पॅड बांधून ताटकळलेला पुढचा फलंदाज. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याची महिला संघाचा मुख्य प्रशिक्षक म्हणून नेमणूक झाली, तेव्हा मुलाखत घेणाऱ्या समितीत जतीन परांजपे आणि सुलक्षणा नाईक होते, मुंबईचं मैदानी क्रिकेट आतून जाणणारे. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत हरमनप्रीत कौरच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवून विश्वचषक जिंकला.