सुकाणूचे दोन दोर

मराठींतील ‘सुकाणू’ हा शब्द अरबी ‘सुक्कान’ या शब्दापासून आला आहे. संस्कृतांत त्याच अर्थीं अरित्र, केनिपातक व कर्ण हे शब्द आढळतात. पैकीं पहिले दोन अमरसिंहानें वारिवर्गांत एकत्र दिले असून तिसरा ‘कर्णधार’ या रूपानें मराठींत अद्याप नांदत आहे. अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यांतील तीन डोलकाठ्यांच्या जहाजास पिछाडीच्या बाजूला वल्ह्यासारखें सुकाणू आहे. तर पॅरिस येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत असलेल्या, इ. स. १२३७ सालीं अल्-वासितीनें लिहून चितारलेल्या हरीरीच्या ‘मकामात’ ग्रंथाच्या पोथींत तें पिछाडीच्या मध्यभागीं टांगलेलें दिसतें. परंतु शब्द व चित्र यांवरून साधनाचें रूप कळलें, तरी त्याची क्रिया कळतेच असें नाहीं. ती न कळल्यास जुन्या कागदांचा अर्थ उलटा लागण्याचा संभव असतो, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

इ. स. ९८५ च्या सुमारास अल्-मुकद्दसी या भूगोलकारानें तांबड्या समुद्रांतील प्रवासाचें वर्णन केलें आहे. नायक उंच जागीं बसून पाणी न्याहाळतो व खडक दिसतांच ‘उजवें’ किंवा ‘डावें’ असें ओरडतो; दोन मुलगे ती आज्ञा पुनः उच्चारतात; आणि सुकाण्याच्या हातीं दोन दोर असून तो त्यांपैकीं एक ओढतो. अठराव्या शतकाच्या आरंभीं इंग्रजी जहाजांवर चक्र आलें, तेव्हां हेच दोन दोर चक्राच्या रुळावर गुंडाळले गेले.

ही रचना समजून घेण्यास मोठें जहाज लागत नाहीं. यंत्रावर चालणाऱ्या लहान होडीसाठीं हौशी लोक आजही ती घरीं तयार करितात. चक्राच्या आंसावर लांकडी रूळ बसवून त्यास दोराचे तीनचार वेढे द्यावयाचे व मधला वेढा खिळ्यानें पक्का करावयाचा, म्हणजे दोर घसरत नाहीं. दोन्ही टोंकें दोन्ही काठांनीं, कप्प्यांवरून, पिछाडीस नेऊन सुकाणूच्या दांड्यास बांधावयाचीं. दांडा १२ इंच लांब असून तो दोन्ही बाजूंस ३० अंश वळावयाचा असेल, तर त्याचें टोंक सरळ रेषेंत १२ इंच सरकतें. ४ इंच व्यासाचा रूळ एका फेऱ्यांत सुमारें साडेबारा इंच दोर ओढतो. म्हणजे एका फेऱ्यांत काम होतें. रूळ ३ इंचांचा केल्यास सव्वा फेरा लागतो, पण हातास जोर कमी पडतो. दांडा वळतांना एक दोर जितका आंखडतो तितकाच दुसरा नेमका सुटत नाहीं; म्हणून दोरांत लहानशी स्प्रिंग घालावी लागते.

खरी मेख वेढ्यांच्या दिशेंत आहे. दांडा सुकाणूपासून पुढच्या बाजूस आलेला असल्यामुळें तो उजवीकडे ओढला कीं सुकाणूचें पातें डावीकडे जातें व होडीही डावीकडे वळते. यास्तव चक्र उजवीकडे फिरवितांच डावा दोर रुळावर चढेल असे वेढे द्यावे लागतात. ते उलट पडल्यास होडी चालकाच्या इच्छेच्या विरुद्ध जाते.

इंग्रजी जहाजांवरील आज्ञा दीर्घकाल या दांड्यास उद्देशून दिल्या जात. सुकाणू उजवीकडे, म्हणजे जहाज डावीकडे. १९१२ सालीं ‘टायटॅनिक’वर हिमखंड दिसतांच दिलेली आज्ञा उजवीकडची होती, आणि जहाज डावीकडे वळलें. ब्रिटिश जहाजांवर हा प्रघात १९३३ सालीं बंद झाला.

तेव्हां कंपनीच्या काळांतील आरमारी रोजनाम्यांवरून एखाद्या लढाईचा नकाशा काढणाऱ्यानें ‘उजवें सुकाणू’ असे शब्द आढळतांच जहाज उजवीकडे नेऊं नये. आज्ञा दांड्यास आहे कीं जहाजास, हें आधीं ठरवावें. नाहीं तर किनारा, वारा व शत्रु हे तिन्ही भलत्याच बाजूस पडतील. इत्यलम्।