कृषी प्रदर्शनात ड्रोन बघताना काय विचाराल?

पुण्याजवळ मोशीला डिसेंबरमध्ये ‘किसान’ हे मोठं कृषी प्रदर्शन भरतं. मुलुंडहून मी गेलो ते गावच्या काकांना फवारणीचा ड्रोन घ्यायचा होता म्हणून. डेमो बघून कुणीही भुलेल, पण पैसे भरण्याआधी स्टॉलवर हे विचारा:

1. मॉडेलला डीजीसीएचं टाइप सर्टिफिकेट आहे का?
2. यूआयएन, म्हणजे गाडीच्या नंबरसारखा ड्रोनचा नोंदणी क्रमांक, कोण काढून देणार?
3. उडवणार कोण? ‘ड्रोन नियम 2021’नुसार रिमोट पायलट सर्टिफिकेटसाठी वय किमान 18, दहावी पास आणि मान्यताप्राप्त संस्थेतलं प्रशिक्षण लागतं.

चौथा प्रश्न काकांचा: बॅटरीचे सेट किती? एका चार्जमध्ये ड्रोन काही मिनिटंच उडतो. जादा सेटची किंमतही हिशेबात धरा.