ग्रीक नाण्यांचे दागिने
प्राचीन ग्रीक नाणी किंवा त्यांच्या प्रतिकृती कोंदणात बसवून घडवलेली पदके, अंगठ्या व हार. नाणी दागिन्यांत जडवण्याची चाल रोमन साम्राज्यात, विशेषतः इ. स. तिसऱ्या शतकात, फोफावली. विसाव्या शतकात रोमच्या बुल्गारी पेढीने तिला नवी झळाळी दिली. अथेन्सचे सुमारे 17 ग्रॅम वजनाचे, चार द्राख्मांचे चांदीचे नाणे सर्वांत ओळखीचे : एका बाजूस शिरस्त्राण घातलेली अथीना, दुसऱ्या बाजूस तिचे घुबड, ऑलिव्हची डहाळी व चंद्रकोर. कॉरिंथच्या नाण्यावर पंखधारी घोडा पेगासस असतो. सौंदर्यात मात्र सिराक्यूजच्या नाण्यांना तोड नाही. त्यांवरील अप्सरा अ‍ॅरेथ्यूसा नदीदेव अल्फिअसच्या पाठलागातून सुटण्यासाठी आर्टेमिसच्या कृपेने झरा झाली आणि समुद्राखालून वाहत सिराक्यूजच्या ऑर्टिजिया बेटावर प्रकटली, अशी कथा आहे. तिच्या मुखाभोवती फिरणारे डॉल्फिन म्हणजे बेटाला वेढणारा समुद्र. किमोनसारख्या कारागिरांनी या ठशांत आपली नावेही कोरली आहेत. अस्सल नाण्याला भोक पाडणे किंवा डाग देणे म्हणजे त्याची कायमची हानी करणे होय. म्हणून जाणकार सोनार ते फक्त कडेने धरणाऱ्या कोंदणात बसवतात आणि मागची बाजू उघडी ठेवतात.