विनोबांचे मौन आणि आपला घसा

मंडळी, नालवाडीत बसून आवाजावर बोलायचे तर सुरुवात विनोबांपासूनच करायला हवी. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात दर रविवारी एक, अशी त्यांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली; साने गुरुजींनी ती उतरून घेतली. सुटल्यावर ते या नालवाडीत राहिले, सूत कातून पोट भरण्याचा प्रयोग केला, आणि १९३८ साली प्रकृतीपायी पवनारला गेले. पुढे १९५१ पासून तेरा वर्षे पदयात्रा. रोज नवे गाव, रोज बोलणे. आणि २५ डिसेंबर १९७४ रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांनी वर्षभराचे मौन घेतले.

आता आमच्या वयाची माणसे यातून सोयीचा अर्थ काढतात: म्हातारपणी गप्प बसावे, घसा वाचतो. पण ते व्रत होते, उपचार नव्हे. सुजलेल्या घशाला चार दिवस विश्रांती हवी, हे कबूल. वयाने थकलेला आवाज मात्र वेगळा. त्यात स्वरतंतूंचा स्नायू झिजतो, त्यांना बाक येतो, ते पुरते मिटत नाहीत आणि फटीतून वारा निसटतो. छातीचा भाताही कमी पडतो. पुरुषाचा आवाज चिरका होतो, बाईचा उलट जाडावतो. (साठीनंतरची ही समता कुणी मागितली होती?) अशा स्नायूला गप्प ठेवले तर तो आणखी दुबळा होतो.

हे स्वरतंतू हलताना प्रथम नीट पाहिले ते एका गायनशिक्षकाने. मॅन्युएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये आरसा घशाशी धरून स्वतःचेच स्वरयंत्र पाहिले. ते स्वतः एकशे एक वर्षे जगले! आणि विनोबांनी मौन धरले त्याच १९७४ साली जपानच्या इश्शिकी यांनी गळ्याच्या कूर्चेतून स्वरतंतू मध्याकडे सरकवण्याच्या शस्त्रक्रियेची मांडणी प्रसिद्ध केली.

पण लगेच शस्त्रक्रियेकडे धावू नये. आधी वाचा-उपचारतज्ज्ञाकडून व्यायाम शिकावा: एकच स्वर लांबवणे, खालून वर आणि वरून खाली स्वर नेणे, आणि हे रोज, काही आठवडे. पाणी पुरेसे प्यावे. एवढ्याने भागले नाही तर स्वरतंतूत भराव टोचतात. बहुतेक भरावांचा परिणाम काही महिने टिकतो.

एक मात्र ध्यानात ठेवा. घोगरेपणा तीन-चार आठवड्यांहून लांबला, त्यातही खर्रा किंवा विडीची सवय असली, तर ‘वयच झालं’ म्हणून सोडू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडून स्वरयंत्र तपासून घ्या. कर्करोगाची सुरुवातही अशीच होऊ शकते, आणि लवकर सापडला तर बरा होण्याची आशा पुष्कळ असते.