सागरी चपटे कृमी : नव्या जातींचा शोध

चपटे कृमी म्हटले की पट्टकृमी, यकृतकृमी यांसारखे परजीवीच बहुधा आठवतात. मात्र याच पृथुकृमी संघातील ‘पॉलिक्लॅडिडा’ गणाचे कृमी बहुतांशी समुद्रात स्वतंत्रपणे राहतात आणि शिकार करून जगतात. पानासारखे पातळ शरीर व अनेक शाखांचे आतडे ही त्यांची ठळक लक्षणे होत. गणाचे नावही ‘अनेक शाखा’ या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून आले आहे. आजवर त्यांच्या सुमारे एक हजार जातींचे वर्णन झाले असून उष्ण कटिबंधातील प्रवाळभित्तींवर अनेक जाती अद्याप अनामिक आहेत.

या गणाच्या वर्गीकरणाचा पाया आर्नोल्ड लांग यांनी १८८४ मध्ये, नेपल्सच्या आखातातील कृमींवरील ग्रंथात घातला. शरीराच्या खालच्या बाजूस चोषक असलेले ते ‘कोटिलिया’ आणि नसलेले ते ‘अकोटिलिया’, असे दोन उपगण त्यांनी केले. पुढील विभागणीसाठी डोळ्यांची मांडणी, स्पर्शक आणि जननेंद्रियांची रचना पाहिली जाते. हे प्राणी उभयलिंगी असतात. त्यांची अंतर्गत रचना समजण्यासाठी शरीराचे अतिशय पातळ काप करून ते सूक्ष्मदर्शकाखाली तपासावे लागतात. १९८०च्या दशकात अ‍ॅनो फाउबेल आणि स्टीफन प्रुढो यांनी स्वतंत्र पद्धती मांडल्या. त्यांचे निकष वेगळे असल्याने काही कृमींची कुले दोन्ही पद्धतींत निरनिराळी ठरली.

सर्वांत मोठी अडचण ‘स्यूडोसेरोटिडी’ या रंगीबेरंगी कुलात येते. येथे अंतर्गत रचना जवळजवळ सारखीच असल्याने जाती ओळखण्यास रंग व नक्षी यांचाच मुख्य आधार असतो. परंतु हे नाजूक प्राणी हाताळताच फाटतात किंवा आक्रसतात आणि परिरक्षक द्रवात त्यांचे रंग उडतात. त्यामुळे संग्रहालयांतील अनेक जुन्या नमुन्यांवरून मूळ जातीची खात्री करणे कठीण झाले. ऑस्ट्रेलियातील लेस्ली न्यूमन व लेस्टर कॅनन यांनी यावर उपाय योजला. प्रथम जिवंत कृमीचे रंगीत छायाचित्र घ्यायचे, मग त्याला गाळणकागदावर पसरू देऊन तो कागद गोठवलेल्या फॉर्मेलिनवर ठेवायचा. अशा रीतीने कृमी सपाट राहतो आणि रंगही बऱ्याच अंशी टिकतात. १९९४ मध्ये त्यांनी पूर्व ऑस्ट्रेलिया व पापुआ न्यू गिनी येथील अनेक नव्या जातींचे वर्णन प्रसिद्ध केले.

नव्या जातीला मान्यता मिळण्यासाठी तिचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध करून प्रमाण नमुना निश्चित करावा लागतो. तो सहसा संग्रहालयात जतन केला जातो. आता डीएनएची तपासणीही केली जाते. रंगातील फरक हा एकाच जातीतील आहे की दोन जातींमधील, हे ठरवण्यास तिची मदत होते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशा एका अभ्यासात, पूर्वी अकोटिलियात गणली जाणारी ‘सेस्टोप्लॅना’ ही प्रजाती कोटिलियात मोडते, असे दिसून आले.

ही ओळख व्यवहारातही महत्त्वाची आहे. ‘स्टायलोकस’ प्रजातीतील काही कृमी कालवे खात असल्याने कालवांच्या शेतीला उपद्रवी ठरतात, तर ‘प्लॅनोसेरा’ प्रजातीतील काहींमध्ये टेट्रोडोटॉक्सिन हे तीव्र विष असते. भारतात या गणाचा अभ्यास तुलनेने कमी झाला आहे. लक्षद्वीपच्या प्रवाळभित्तींवरील काही जातींच्या नव्या नोंदी २०११ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या.