छोट्या ट्रॅक्टरची लिफ्ट बिघडली? पंप बदलण्याआधी हे तपासा

पेडणे-डिचोलीतले कुणगे लहान आणि बांध अरुंद, त्यामुळे इथे 20-25 एचपीचा छोटा ट्रॅक्टर सोयीचा. पलीकडे दोडामार्ग, सावंतवाडीतही तेच. ऐन चिखलणीत त्याची मागची लिफ्ट, म्हणजे आपल्या बोलण्यातलं ‘हायड्रोलिक’, बसली की रोटावेटर चिखलात रुततो आणि इकडे तरवा जून होत जातो. अशा घाईत ‘पंप गेला’ हे निदान लगेच पटतं. पण पंप महाग, आणि दोष तिथेच असेल असं नाही.

सुरुवात लिव्हरपासून करा. बहुतेक ट्रॅक्टरांना दोन असतात. पोझिशन लिव्हर अवजार ठरलेल्या उंचीवर धरतो, तर ड्राफ्ट लिव्हर जमिनीची ओढ ओळखून अवजार वरखाली करतो. ही दुसरी युक्ती हॅरी फर्ग्युसनची, नांगरासाठी काढलेली. चिखलात ओढ नसतेच, म्हणून रोटावेटरला पोझिशन लिव्हरच वापरा. ड्राफ्टवर ठेवलात तर खोली सारखी बदलते आणि बिघाड नसताना बिघाड वाटतो.

लिफ्ट वर गेली पण खालीच येत नाही? सीटखाली पुढच्या बाजूला अवजार उतरण्याचा वेग ठरवणारा नॉब असतो. तो पूर्ण बंद असेल तर लिफ्ट वरच अडकते. थोडा उघडून बघा.

अजिबात उचलत नसेल तर तेल बघा. ट्रॅक्टर सपाट जागी उभा, अवजार खाली, इंजिन बंद, मग डिपस्टिक काढा. तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, फेस होतो आणि लिफ्ट धक्के देत उठते. पंप कण्हल्यासारखा आवाज करत असेल, तर हायड्रोलिकची गाळणी तुंबल्याचा संशय घ्या. तेल दुधाळ दिसलं तर त्यात पाणी शिरलंय. आपल्याकडे चिखलणीत ट्रॅक्टर तासन्तास पाण्यात असतो, सील किंवा गिअर लिव्हरचं रबर फाटलेलं असलं की एवढं पुरतं. वरून नवं तेल ओतून भागत नाही. सगळं काढा, गाळणी साफ करा किंवा बदला आणि पाणी कुठून आलं ते शोधा, नाहीतर महिन्याभरात तेच. तेल कंपनीच्या पुस्तकात दिलेल्याच दर्जाचं घ्या.

जुन्या मॅसी फर्ग्युसनच्या काही मॉडेलांत पंप पीटीओ शाफ्टवर चालतो. तिथे पीटीओचा लिव्हर सुटलेला असला तरी लिफ्ट मरते. ट्रॉली उचलायचा वेगळा व्हॉल्व्ह असेल, तर तो ट्रॉलीकडे वळलेला राहिलाय का तेही पाहा.

मोकळे हात उठतात, पण रोटावेटर उठत नाही? आधी वजनाचा हिशेब करा. या वर्गातल्या ट्रॅक्टरची उचल साधारण 750 किलोची सांगतात, पण ती हातांच्या टोकाशी. रोटावेटरचं वजन त्याच्याही मागे पडतं, वर चिकटलेला चिखल. वजन बेताचं असूनही उचलत नसेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह किंवा पंप तपासायला द्या. सकाळी उचलतो आणि तेल तापल्यावर दम सोडतो, असं असेल तर आतली झीज जवळपास नक्की. रिलीफ व्हॉल्व्हखाली वायसर घालून दाब वाढवायचा सल्ला मात्र ऐकू नका, पाइप आणि पंप दोन्ही धोक्यात येतात.

चौथं लक्षण उचक्यांचं. अवजार वर धरलेलं असताना हळूहळू बसतं, पुन्हा उचलतं, पुन्हा बसतं. अवजार उचलून इंजिन बंद करा आणि दुरून बघा. भराभर खाली आलं तर सिलिंडरची ओ-रिंग किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गळतोय. ओ-रिंग स्वस्त असते, मजुरी कव्हर उतरवण्याची लागते. पंपाचा इथे काही संबंध नाही, हे मेकॅनिकला आधीच सांगा.

यातली कुठलीही तपासणी करताना उचललेल्या रोटावेटरखाली हात-पाय घालू नका. खाली जायचंच असेल तर अवजाराला जाड लाकडी ठोकळ्यांचा भक्कम आधार द्या, जॅकवर विसंबू नका. पाइपची बारीक गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. दाबाखालचं तेल कातडीत शिरतं, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी त्याच दिवशी इस्पितळात जावं लागतं.